भावाच्या कोटात

ब्रेडा शहराच्या वेढ्यात माझा दीर, कप्तान गोसन, पडला, तेव्हा त्याचं मढं घरी आलं नाही. तिथेच खंदकाजवळ कुठेतरी पुरलं म्हणे. आलं ते एक गाठोडं. त्यात त्याचा चामड्याचा कोट, तलवार, नारिंगी पट्टा आणि गळ्याशी बांधायची लोखंडी पट्टी. ते गाठोडं त्याच्या बायकोकडे, कातलाइनकडे गेलं. आमच्याकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी शस्त्राला हात लावत नाही, शपथ घेत नाही, आणि जो घेतो त्याला वाळीत टाकतात. पलटणीत नाव घातलं त्याच वर्षी गोसनला टाकलं होतं.

वाळीत म्हणजे अगदी वाळीत. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याबरोबर जेवायला बसायचं नाही, मग तो पोटचा पोरगा का असेना. माझी सासू माख्तेल्ट हिने ते असं पाळलं, की मंडळीतली वडीलधारी माणसं तिचा दाखला द्यायची. हार्लेमच्या बाहेर, वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आमचं कुरण आहे. लिननचं कापड राखेच्या पाण्यात उकळायचं, ताकात मुरवायचं आणि गवतावर पसरून उन्हात पांढरं होऊ द्यायचं, हा आमचा धंदा. गोसन रजेवर आला की कुरणाच्या कडेला चराच्या पलीकडे येऊन उभा राहायचा. "आई, बरी आहेस ना?" एवढंच विचारायचा. सासूबाई मान वर न करता कापडावर पाणी शिंपडत राहायच्या. तो जरा वेळ थांबायचा, टोपी नीट करायचा आणि निघून जायचा. माझा नवरा लुबर्ट, म्हणजे गोसनचा धाकटा भाऊ, तेवढा वेळ ताकाच्या पिंपांमागे जाऊन बसायचा. त्याला ते बघवत नसे.

दोघे भाऊ एका साच्यातून काढल्यासारखे. तेच रुंद कपाळ, तेच किंचित वाकडं नाक. फरक चालण्यात होता. गोसन रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखा चालायचा. लुबर्ट कडेकडेने.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी कातलाइन आमच्याकडे आली. ती आमच्या मंडळीतली नव्हे, बिअरच्या भट्टीवाल्याची मुलगी. तिच्याशी बोलायला आम्हाला बंदी नव्हती, पण बोलणं होत नसे. काळ्या कपड्यात दारात उभी राहून ती सरळ म्हणाली, "लुबर्ट, मला तुझं तोंड उसनं दे."

लुबर्टच्या हातातला चमचा तसाच राहिला. "काय?"

"मी गोसनचं चित्र काढून घेतेय, एव्हरार्ट मोलकडून. कोट घातलेला, तलवार लावलेला, उभा. मोल म्हणतो, बाई, कोट आहे, तलवार आहे, पण तोंड काय हवेतून आणू?"

"मी तलवार लावून उभा राहू?"

"लढायला कोण सांगतंय? नुसतं उभं राहायचंय. घरातलं कपाटही उभं असतं, त्याला कुणी वाळीत टाकत नाही."

मी म्हणाले, "कातलाइन, तुला सोपं आहे बोलायला."

ती माझ्याकडे वळली. "सोपं? आख्ते, सानेके परवा मला विचारत होती, आई, बाबांना दाढी होती का गं? आत्ता दाढी विचारतेय. अजून वर्षभराने विचारेल, मला बाबा होते का गं?"

सानेके तिची लेक, पाच वर्षांची. लुबर्ट खाली बघत होता. शेवटी म्हणाला, "नाही जमायचं. मला माफ कर."

"देवाकडे माग माफी. माझ्याकडे शिल्लक नाही," म्हणून ती गेली. सासूबाई चुलीपाशी शेंगा सोलत होत्या. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कापड पिळत होतो. एका टोकाला लुबर्ट, दुसऱ्याला सासूबाई, मी टोपली घेऊन. पिळता पिळता सासूबाई म्हणाल्या, "तो कसा दिसायचा रे?"

"कोण, आई?"

"तो. मोठा झाल्यावर. मी बघितलंच नाही त्याच्याकडे."

लुबर्टने कापड सोडलं नाही, पण पिळणं थांबलं. "माझ्यासारखाच दिसायचा, आई."

"तुला रोज बघते मी. ते वेगळं." पाणी निथळून गवतात जात होतं. "जा, उभा राहा त्या चिताऱ्यापुढे."

"आई, मंडळी काय म्हणेल?"

"मंडळीला कशाला कळायला हवं? मी सांगतेय म्हणून जा." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आख्ते, तुझ्या बापाच्या कानावर जाता कामा नये."

माझे वडील सायफर्ट मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ. वाळीत टाकायचं कुणाला आणि परत घ्यायचं कुणाला, हे तेच सभेत वाचून दाखवायचे. गोसनचंही त्यांनीच वाचलं होतं.

मोलच्या घरी पहिल्या वेळी मी लुबर्टबरोबर गेले. उत्तरेच्या मोठ्या खिडकीची खोली, जवसाच्या तेलाचा उग्र वास, आणि मध्ये पोट सुटलेला, सतत खोकणारा मोल. कातलाइनने गाठोडं सोडलं. कोट जड, पिवळसर, गुडघ्यापर्यंत आलेला. डाव्या काखेखाली बोट जाईल एवढं भोक. लुबर्टने त्यात खरंच बोट घातलं आणि लगेच काढून घेतलं.

"हे दाखवायचं का, बाई?" मोलने विचारलं.

"नाही," कातलाइन म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही, असा काढा."

कोट अंगावर चढला तो जणू मापाने शिवलेला. मोलने गळ्याशी पट्टी बांधली, नारिंगी पट्टा खांद्यावरून तिरका घेतला, तलवार अडकवली. लुबर्ट खांदे पाडून उभा राहिला, ताकाचं पिंप सांडलं आणि कापडाचा मालक आला की राहतो तसा.

"अहो, कप्तान आहात तुम्ही, कोंबडी चोरताना सापडलेले नाहीत! खांदे मागे. हात कमरेवर. कोपर बाहेर, आणखी बाहेर, मागून कुणी गेलं तर त्याला लागलं पाहिजे." मग त्याची नजर लुबर्टच्या हातांवर गेली. राखेच्या पाण्याने ते हात पांढरे पडलेले आणि भेगाळलेले. "अरे देवा. हे हात कप्तानाचे म्हणून कोण मानेल? यांना हातमोजे द्या कुणीतरी."

मिशीही मोल कातलाइनच्या सांगण्यावरून रंगवणार होता. "वर वळलेली," ती सांगत होती, "पण उजवी बाजू कायम खाली यायची. तो चावायचा ती." एवढं बोलून ती तोंड फिरवून खिडकीपाशी गेली.

मी भिंतीशी बसून होते. सुरुवातीला मला हसू येत होतं, मग दया. पण काही वेळाने, मोल कोळशाने रेघा ओढत असताना, लुबर्टच्या अंगात काहीतरी बदललं. कुणी सांगितलं नव्हतं. हनुवटी वर गेली. वजन एका पायावर आलं. हातमोजा घातलेला हात तलवारीच्या मुठीवर असा विसावला, जणू जन्मभर तिथेच असायचा.

मोल पुटपुटला, "आता. आता हलू नका."

लुबर्टने नजर फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. गर्दीकडे पाहावं तसं. ह्या माणसाला आपण ओळखत नाही, असं मला वाटलं.

परत येताना तो रस्त्याच्या मधून चालत होता. समोरून गाडी आली तेव्हा गाडीवाल्यानेच घोडा बाजूला घेतला. मी म्हणाले, "दमलास का?"

"नाही," तो म्हणाला. "उलट."

नंतर मी गेले नाही. तो जात राहिला. जायच्या दिवशी सकाळीच उठून बसायचा आणि आल्यावर कुणाशी बोलायचा नाही. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "झालं का?" तो म्हणाला, "होत आलंय." त्यांनी चित्र बघायची गोष्ट काढली नाही. कातलाइनच्या घरात पाऊल टाकणं त्यांना जमणार नव्हतं. मग हे सगळं कशासाठी, असं माझ्या मनात यायचं. आपल्या मुलाचा चेहरा जगात कुठेतरी आहे, एवढंच बहुधा त्यांना पुरे होतं.

चित्र पूर्ण झालं आणि सुकायला म्हणून मोलने ते पुढच्या खोलीत ठेवलं. तिथे येणारी-जाणारी माणसं बघत. आमच्या मंडळीतला एक कापडव्यापारी काहीतरी निमित्ताने तिथे गेला. संध्याकाळ व्हायच्या आत माझे वडील आमच्या दारात उभे होते.

ते बसले नाहीत. "लुबर्ट, मोलकडे एक चित्र आहे. तलवार लावलेल्या माणसाचं."

"हो."

"तो गोसन आहे. बरोबर? त्याच्या बायकोने मेलेल्या नवऱ्याचं चित्र काढून घेतलं. तिचा प्रश्न. ती आपल्यातली नाही." वडील माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांचा आवाज मी ओळखते. ते त्याला वाट काढून देत होते. "मिशीही गोसनचीच आहे म्हणे. तू एवढंच सांग, की तो गोसन आहे. मी तसंच सांगतो आणि विषय संपवतो."

मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग रे. हो म्हण. सासूबाई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या.

लुबर्ट म्हणाला, "मिशी त्याची आहे. तोंड माझं आहे."

वडिलांनी डोळे मिटले. "कुणी सांगितलं तुला उभं राहायला?"

"कुणी नाही. मी उभा राहिलो."

सासूबाईंच्या पाठीवर काही हललं नाही.

सभा आमच्या प्रार्थनेच्या जागी, मसाल्याच्या गोदामामागच्या लांबोळ्या खोलीत झाली. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. वडिलांनी सगळ्यांसमोर पुन्हा वाट काढून दिली. "बंधू लुबर्टने दयेपोटी हे केलं. एका विधवेसाठी, एका पोरक्या मुलीसाठी. चूक झाली, पण मनात पाप नव्हतं. त्याने तसं म्हणावं, आणि त्या चित्रावरचं तोंड पुसून घ्यावं. मग आपण विसरू."

लुबर्ट उठला. टोपी हातात, खांदे पुन्हा पडलेले. मला वाटलं, सुटलो.

"दयेपोटी गेलो, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण दयेपोटी थांबलो नाही. मला तो कोट आवडला."

खोलीत कुजबुज झाली.

"तो घातला की मला कुणाची भीती वाटत नव्हती. माझ्या भावाला आयुष्यभर असं वाटत असेल का, असं मनात यायचं. जायचा दिवस कधी येतो याची मी वाट बघायचो. आता इथे उभा राहून मनात काही नव्हतं असं सांगितलं, तर ते खोटं होईल. आणि तोंड पुसायला सांगितलं, तर त्या पोरीचा बाप पुसला जाईल. ते मी करणार नाही."

"पण आवडलं हे पाप आहे, एवढं तरी मान," वडील म्हणाले. त्यांचा आवाज आता थकलेला होता.

"ते मला माहीत नाही," लुबर्ट म्हणाला. "खरंच माहीत नाही."

वडिलांनी कागद घेतला आणि वाचलं. एक शब्दही गाळला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन टेबलं झाली. मोठ्या टेबलावर मी आणि सासूबाई. लुबर्ट खिडकीखालच्या बाकावर, मांडीवर वाडगा घेऊन. त्याला मी वाढायची, पण त्याच्यासमोर बसायची नाही. निजायला तो कापडाच्या गंज्या ठेवायच्या खोलीत जायचा. मी हे केलं, कारण लहानपणापासून मला हेच शिकवलं होतं, आणि बापाच्या विरुद्ध जायची माझी छाती नव्हती. कुरणात आम्ही एकाच कापडाची दोन टोकं धरून पिळायचो आणि बोलायचो नाही. बोलायचं असलं की तो कापडाशी बोलायचा. "आज वारा आहे. खुंट्या जास्त लागतील." मी जाऊन खुंट्या आणायची.

किती आठवडे असे गेले कुणास ठाऊक. एका संध्याकाळी मी वाटाण्याचं सार वाढलं आणि बसले. सासूबाईंनी हात जोडले, प्रार्थना म्हटली, आणि मग आपला वाडगा उचलून त्या खिडकीकडे चालायला लागल्या. बाकावर लुबर्टच्या शेजारी बसल्या. त्याने सरकून जागा केली.

"आई, काय करताय?" मी उभीच राहिले.

"जेवतेय."

"बाबांना कळलं तर?"

"कळू दे." त्यांनी एक घोट घेतला. "एकदा केलं मी हे. पुन्हा होत नाही माझ्याच्याने."

लुबर्टने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाल्या, "खा. गार होतंय."

मी त्या रात्री मोठ्या टेबलावर एकटीच जेवले. उठून त्यांच्यात जाणं झालं नाही.

सासूबाई स्वतःच माझ्या वडिलांकडे गेल्या आणि म्हणाल्या, की मुलाला मीच पाठवलं होतं. त्यांचंही नाव वाचलं गेलं. मग वडील मला न्यायला आले. घराच्या आत आले नाहीत. त्या घरात आता वाळीत टाकलेली दोन माणसं होती.

"चल, आख्ते. तुझी खोली तशीच आहे. तो पश्चात्ताप करेपर्यंत तू माझ्याकडे राहा."

"आणि त्याने केलाच नाही तर?"

"करेल. माणूस एकटा पडला की करतो."

"गोसनने केला होता का, बाबा?"

ते रस्त्याकडे वळले. मी म्हणाले, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मी कातलाइनकडे गेले. पूर्ण झालेलं चित्र मी पाहिलंच नव्हतं. तिने काही न विचारता मला आत नेलं. बैठकीच्या खोलीत, चुलाण्याच्या वरच्या भिंतीवर ते टांगलेलं होतं. मागे काळोख, त्यातून पुढे आलेला तो पिवळा कोट, गळ्याच्या लोखंडावर खिडकीची चमक, नारिंगी पट्ट्याच्या घड्या अशा की हात लावला तर रेशीम सळसळेल. आणि तोंड. वर वळलेली मिशी, उजवीकडून जरा खाली आलेली. पण डोळे लुबर्टचे. त्या दिवशी मोलकडे माझ्याकडे वळले होते तेच.

सानेके जमिनीवर बाहुलीला कपडे घालत बसली होती. चित्राकडे न बघताच तिने मला सांगितलं, "हे माझे बाबा. ते कुणाला घाबरत नाहीत."

"हो का?"

"हो. पण मला रागावत नाहीत."

कातलाइन हळूच म्हणाली, "आख्ते, खरं सांगू? गोसनला नाही जमायचं असं बघणं. तो घाबरायचा. प्रत्येक वेळी निघायच्या आधी त्याला उलटी व्हायची. हे जे आहे ना," तिने चित्राकडे हात केला, "हे तुझ्या नवऱ्याचं आहे. माझ्याकडे ते असं टांगलंय आणि मी रोज बघते. माझा नवरा मला परत मिळालाच नाही."

"मग उतरवून का ठेवत नाहीस?"

"आणि तिला काय सांगू?"

मी बराच वेळ बघत राहिले. मला त्या माणसाची भीती वाटत होती, आणि त्याच्याशी एकदा बोलावं असंही वाटत होतं. माझ्या संसारात तो इतकी वर्षं होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. वडील म्हणत होते तसा लुबर्टने पश्चात्ताप केला असता, तर हा माणूसच पुसला गेला असता. मग उरलेल्या लुबर्टबरोबरच मला पुढे जेवावं लागलं असतं.

घरी आले तेव्हा ते दोघं बाकावर बसलेले होते. मी मोठं टेबल ओढत खिडकीशी नेलं. ते जड होतं, लुबर्ट उठून मदतीला आला. "नको," तो म्हणाला, "तुझे वडील..." मी म्हणाले, "त्या बाजूने धर."

माझं नाव त्याच महिन्यात वाचलं गेलं. वडिलांनी ते दुसऱ्याला वाचायला दिलं, एवढं मात्र केलं.

शहरात आमच्यासारख्यांची आणखी एक मंडळी आहे. तीही शस्त्र धरत नाही, पण वाळीत टाकण्याबाबत हात जरा सैल. त्यांनी आम्हाला घेतलं. सासूबाई आल्या नाहीत. "माझं नाव जिथे खोडलं, तिथेच खोडलेलं राहू दे," म्हणाल्या. दोन हिवाळ्यांनंतर त्या गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी ते चित्र पाहिलं नाही. वडील दफनाला आले, पण कुंपणाच्या बाहेर उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे.

लुबर्ट पूर्वीसारखा झाला, असं लोक म्हणतात. कडेकडेने चालतो, हळू बोलतो. मला तसं वाटत नाही. गेल्या वसंतात पलटणीचे लोक ढोल वाजवत टेकड्यांच्या रस्त्याने माणसं गोळा करत आले. आम्ही ताकातलं कापड काढत होतो. लुबर्ट हातातलं टाकून चरापर्यंत गेला आणि ढोलाचा आवाज पार गावात शिरून विरेपर्यंत तिथे उभा राहिला. पाठमोरा. हात कमरेवर, कोपर बाहेर.

मी हाक मारली नाही. मारली तर कोण वळून बघेल, याची मला खात्री नव्हती. थोड्या वेळाने तो परत आला, कापडाचं आपलं टोक उचललं आणि म्हणाला, "पीळ." मी पिळायला लागले.